विश्लेषण : सूट, सवलत, कपात, कडता... चिमूरच्या बाजारात ‘डिस्काउंट’चे नेमके अर्थ किती?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, वस्तू आणि सेवा कराचे (जीएसटी) नवे दर देशभर लागू झाले. साबणापासून ट्रॅक्टरपर्यंत अनेक वस्तू स्वस्त झाल्या आणि ‘दरकपात’ हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यानंतर काही दिवसांतच चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली, पुढे कापसाची वेचणी आणि धानाची कापणीही आली. तेव्हा ‘कपात’ हाच शब्द तेथील कास्तकाराच्या कानावर पुन्हा पडू लागला, पण उलट्या बाजूने. ही कपात त्याच्या मालाच्या ओलाव्याची, काडीकचऱ्याची, बारदान्याची होती. दिवाळीआधी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून तो कापडाच्या दुकानात गेला, तर दारावर ‘भव्य डिस्काउंट’चा फलक लागलेला.

इंग्रजीत या बहुतेक व्यवहारांना ‘डिस्काउंट’ हा एकच शब्द चालतो. मराठीत त्यासाठी डझनभर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोणता शब्द वापरला यावरून किंमत कोणी कमी केली, कोणाच्या खिशातून केली आणि ती मागण्याचा हक्क होता की समोरच्याची मर्जी, हे कळते. बातम्यांत, जाहिरातींत आणि सरकारी पत्रकांत मात्र हे शब्द सर्रास अदलाबदल करून वापरले जातात. त्यातून होणारा गोंधळ केवळ भाषेचा नाही. तो रुपयांत मोजता येतो.

चिमूरचेच उदाहरण का?

१६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे चिमूरचे नाव इतिहासात आहे आणि गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघामुळे ते निवडणुकीच्या बातम्यांत येते. शेतीच्या दृष्टीने या तालुक्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग कापूस आणि सोयाबीनचा, पूर्व भाग धानाचा. चिमूर या दोहोंच्या मधे पडतो. त्यामुळे तिन्ही पिकांच्या खरेदीतील तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कपाती एकाच तालुक्यात पाहायला मिळतात. धानाला तोटा तुटीचा आणि जादा वजनाचा, कापसाला ओलाव्याचा, सोयाबीनला ओलाव्यासह डागी दाण्याचा.

शब्द आले कुठून?

‘डिस्काउंट’चे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. मोजून बाजूला काढणे, हिशेबातून कमी करणे असा त्याचा मूळ अर्थ. तो सावकार-सराफांच्या हिशेबातून आला, दुकानाच्या फलकावर नंतर चढला. मराठीत याच सराफी अर्थाचा जुना शब्द ‘वटाव’ किंवा ‘बट्टा’. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चलनात असत तेव्हा त्यांचा कस आणि झीज सारखी नसे. एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफ जी रक्कम कापून घेई, तो बट्टा. खोट्या किंवा झिजलेल्या नाण्याला बट्टा जास्त, म्हणून ‘नावाला बट्टा लागणे’. आज हा वाक्प्रचार वापरणाऱ्या किती जणांना त्यामागचा सराफ आठवतो हा प्रश्नच आहे. हुंडी ‘वटवणे’ आणि चेक ‘वटणे’ ही क्रियापदेही याच घरातली. तीन महिन्यांनी मिळायचे शंभर रुपये आजच हवे असतील तर अठ्ठ्याण्णवच हाती पडतात, दोन रुपये वटावाचे. रिझर्व्ह बँकेमार्फत विकली जाणारी सरकारची ट्रेझरी बिले आजही याच तत्त्वावर चालतात. ती दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला विकली जातात आणि मुदतीनंतर पूर्ण मूल्य मिळते.

म्हणजे मूळ अर्थाने डिस्काउंट ही वेळेची किंवा दर्जाची किंमत होती, कोणी कोणावर केलेली मेहेरबानी नव्हती. मेहेरबानीचा अर्थ किरकोळ दुकानदारीने जोडला. मराठीत त्यासाठी ‘सूट’ रुळला, सुटणे या क्रियापदावरून. आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ असे एक प्रकरणच आहे. छापील किंमत, त्यावर शेकडा सूट आणि उरलेली विक्री किंमत हे गणित तिथे मुले शिकतात. जुन्या वहीखात्यात यालाच ‘कसर’ म्हणत. ‘सवलत’ हा शब्द अरबीतून आला, मूळ अर्थ सुलभता. ‘वजावट’ही अरबी ‘वजा’वरूनच. ‘रिबेट’ मात्र मराठीने जसाच्या तसा घेतला तो मुख्यतः खादीच्या दुकानांमुळे, गांधी जयंतीला खादीवर रिबेट मिळे म्हणून.

सूट आणि सवलत यात फरक काय?

एसटीच्या तिकिटात तो सर्वात स्वच्छ दिसतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. या दोन्ही सवलती. त्या व्यक्तीच्या पात्रतेवर मिळतात, कोणत्याही दिवशी मिळतात, वाहक त्या नाकारू शकत नाही आणि त्यांचा भार राज्य सरकार महामंडळाला भरून देते. १ जुलै २०२५ पासून महामंडळाने १५० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या, पूर्ण तिकिटाच्या प्रवाशांसाठी भाड्यात १५ टक्के कमी केले, पण दिवाळी आणि उन्हाळ्याची गर्दी वगळून. ही सूट. इथे प्रवासी कोण हे बघितले जात नाही, व्यवहार कसा हे बघितले जाते आणि विक्रेता ती आपल्या धंद्याच्या सोयीने देतो, काढूनही घेतो.

अर्धे तिकीट म्हणजे कशाचे अर्धे, हेही पाहावे लागते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पूर्वी १०० रुपयांच्या प्रवासाला महिलेला ५० रुपये लागत, वाढीनंतर साधारण ५७ ते ५८ लागू लागले. सवलत तितकीच राहिली, किंमत वाढली. टक्केवारीतील सवलत किंमतवाढीपासून वाचवत नाही, ही साधी गोष्ट सवलतीच्या जाहिरातीत कधी येत नाही.

वजावट आणि करातली सूट

आयकराच्या बातम्यांत ‘सूट’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि पगारदाराची दमछाक होते. चिमूरच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाचे वार्षिक वेतन १२ लाख ७५ हजार रुपये आहे असे धरू. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत त्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. ती उत्पन्नातून जाते. उरतात १२ लाख. त्यावर पहिल्या ४ लाखांना शून्य, पुढच्या ४ लाखांना ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढील ४ लाखांना १० टक्के म्हणजे ४० हजार असा एकूण ६० हजार कर होतो. आता कलम ८७-अ खाली ६० हजारांचे रिबेट येते आणि कर शून्य होतो. वजावट उत्पन्नातून, रिबेट करातून. ७५ हजारांची वजावट म्हणजे ७५ हजार वाचले असे नव्हे. ६० हजारांच्या रिबेटने मात्र पूर्ण ६० हजार वाचतात. शेतीचे उत्पन्न तर करपात्रच धरले जात नाही, ती तिसरी गोष्ट, करमुक्ती. तिन्हींना ‘सूट’ म्हणणाऱ्या मथळ्यांनी ‘१२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त’ असे लिहिले. वस्तुतः तिथे कर लागतो आणि तो माफ होतो. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला हे रिबेट मिळत नाही, हे अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळते.

जीएसटी १८ वरून ५ झाला, मग किंमत १३ टक्क्यांनी का उतरली नाही?

हा प्रश्न सप्टेंबरनंतर सगळीकडे विचारला गेला. करपरिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत ५ आणि १८ टक्के असे दोन मुख्य दर ठेवले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले. ट्रॅक्टर, ठिबक आणि तुषार सिंचनाचे संच १२ वरून ५ वर. सिमेंट आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली २८ वरून १८ वर.

छापील किंमत सर्व करांसह असते. १०० रुपये मूळ किंमत आणि १८ रुपये कर मिळून साबणाच्या पुड्यावर ११८ छापले होते. नवा कर ५ रुपये, म्हणून नवी किंमत १०५. कमी झाले १३ रुपये, पण ते ११८ पैकी. म्हणजे ११ टक्के. त्याच हिशेबाने ट्रॅक्टरची किंमत ६.२५ टक्क्यांनी उतरते. पूर्वी करासह ९ लाखांना मिळणारा ट्रॅक्टर मूळ किंमत न बदलता ८ लाख ४३ हजार ७५० ला मिळायला हवा. मोटारसायकल आणि सिमेंट यांची घट ७.८ टक्के. ज्याने ‘७ टक्के स्वस्त’ ऐकून ६३ हजारांची अपेक्षा धरली त्याला ५६ हजार २५० मिळाले तर विक्रेत्याने लबाडी केली असे होत नाही.

लबाडी कुठे होऊ शकते, तर मूळ किंमत हळूच वाढवण्यात. कर कमी करणे सरकारच्या हातात आहे, किंमत कमी करणे उत्पादक आणि दुकानदाराच्या. त्यामुळे ही सूटही नाही आणि सवलतही नाही. ‘करकपात’ हा शब्द अचूक आहे, कारण त्यातून कर कापला गेला एवढेच कळते, किंमत कापली गेली असे नाही. करकपातीचा फायदा ग्राहकापर्यंत न पोहोचवणाऱ्यांविरुद्ध जीएसटी कायद्यात नफेखोरीविरोधी तरतूद होती. पण १ एप्रिल २०२५ पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणे बंद झाले, म्हणजे सर्वात मोठ्या करकपातीच्या पाच महिने आधीच. उरली ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे जीएसटीविषयक तक्रारींसाठी सोय केली गेली, मात्र हेल्पलाइन म्हणजे दंड करणारी यंत्रणा नव्हे.

पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचे गणित आणखी वेगळे. ५ रुपयांचा बिस्किटपुडा ४ रुपये ४५ पैशांना विकला तर सुट्टे कोण देणार? काही कंपन्यांनी म्हणून किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला. खेड्यातल्या दुकानात सर्वाधिक खपणारा माल हाच. तिथल्या ग्राहकाला करकपात दिसली असेल तर ती ग्रॅममध्ये, आणि पुड्यावरचे बारीक अक्षर वाचले तरच.

‘पर्यंत’ या शब्दाची करामत

दुकानाच्या फलकावर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ मधील ‘पर्यंत’ नेहमी लहान अक्षरांत असतो. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हे. हजाराच्या वस्तूवर आधी ५००, मग उरलेल्या ५०० वर २० टक्के म्हणजे १००. एकूण सूट ६० टक्के. याहून महत्त्वाचे म्हणजे छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मुभा आहे. उत्पादकाने ती मुळातच फुगवून छापली तर कितीही सूट देता येते आणि कायदा मोडत नाही. सूट कशावर, हे न पाहता सूट किती, एवढेच पाहणारा ग्राहक जाहिरातदाराचा आवडता असतो.

शेतकऱ्याच्या वाट्याचे ‘डिस्काउंट’

आता तराजूची दुसरी बाजू. शेतकरी ग्राहक असतो तेव्हा त्याला सूट मिळते. तो विक्रेता होतो तेव्हा सूट त्याने द्यायची असते, पण ती तो ठरवत नाही. जगातल्या बहुतेक बाजारांत विकणारा किंमत छापतो आणि सूटही तोच देतो. भुसाराच्या बाजारात भाव घेणारा सांगतो आणि कपातही घेणाराच करतो. म्हणूनच या कपातींना मराठीत वेगळी नावे पडली असावीत.

‘कडता’ म्हणजे माल मोजताना काडीकचरा, माती, बारदाना यांच्या नावाखाली वजनातून सरसकट वगळलेला भाग. ‘घट’ म्हणजे माल वाळून कमी होईल म्हणून धरलेले वजन. ‘तूट’ म्हणजे साठवण किंवा वाहतुकीत प्रत्यक्ष कमी भरलेले. हमाली, तोलाई, चाळणी हे कामाचे मोबदले. बाजार समितीत यांचे दर ठरलेले असतात आणि ते हिशेबपट्टीवर दिसायला हवेत. कडत्याला मात्र आधार केवळ वहिवाटीचा. वजन काट्यावर झाले, बारदान्याचे नक्की वजन वजा झाले आणि दर्जा पाहून भाव ठरला, तर आणखी कडता कशाचा याचे उत्तर कोणीच देत नाही.

ही तक्रार आजची नाही. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मापात आणि कपातीत होणारी मनमानी रोखणे हा अशा नियमनामागचा एक हेतू राहिला आहे. आज राज्यात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा लागू आहे. मात्र खेडा खरेदीत, म्हणजे व्यापाऱ्याचे वाहन थेट गावात येऊन माल उचलते तेव्हा, ना समितीचा काटा असतो ना हिशेबपट्टी. वाहतूक वाचते आणि रोख पैसा मिळतो म्हणून गरजू शेतकरी तिथेच विकतो. लगेच रोख हवी असेल तर रकमेतून एक-दोन टक्के कापण्याची रीतही विदर्भात नवी नाही. हा तोच जुना वटाव, फक्त आता हुंडी नाही, सोयाबीनचे पोते आहे.

ओलाव्याची रास्त कपात किती?

ओलाव्याची कपात सरसकट अन्याय्य म्हणता येत नाही. सोयाबीनच्या सरकारी खरेदीसाठी १२ टक्के ओलाव्याचा निकष आहे. १५ टक्के ओलावा असलेल्या एका क्विंटलमध्ये पाणी १५ किलो आणि कोरडा माल ८५ किलो. हाच कोरडा माल १२ टक्के ओलाव्याला ९६.६ किलो भरतो (८५ ला ०.८८ ने भागून). म्हणजे क्विंटलमागे रास्त घट ३.४ किलो. ओलावा १४ टक्के असेल तर २.३ किलो, १८ टक्के असेल तर ६.८ किलो.

आता एक कल्पित सौदा पाहू. १२ टक्क्यांच्या मालाचा भाव ४,२०० रुपये चालू आहे. १५ टक्क्यांच्या मालाला पाण्याचा हिशेब करून ४,०५७ रुपये मिळायला हवेत. व्यापारी म्हणतो, माल ओला आहे, ३,९०० देतो. वर क्विंटलला दोन किलो कडता धरतो. हाती आले ३,८२२. एकूण कपात ३७८ रुपये, त्यात पाण्याची १४३. उरलेल्या २३५ मध्ये माल वाळवण्याचा खर्च, काळा पडण्याची जोखीम आणि व्यापाऱ्याचा जादा नफा असे सगळे आले. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, नाकारण्याचे कारण नाही. पण ओलाव्यापोटी भाव एकदा उतरवला असताना पुन्हा वजन कापणे ही एकाच कारणाची दुहेरी वसुली आहे. भाव कमी किंवा वजन कमी, दोहोंपैकी एकच असायला हवे.

या २३५ रुपयांचा अंदाज येण्यासाठी जीएसटीकडे परत जाऊ. ११८ च्या साबणावर १३ रुपये वाचतात. २३५ रुपये वाचवायचे तर जुन्या छापील किमतीने २,१०० रुपयांहून अधिकचा माल घ्यावा लागेल. तेही केवळ एका क्विंटलची भरपाई म्हणून. वीस क्विंटल विकणाऱ्याचे ४,७०० रुपये गेलेले असतात.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. खुल्या बाजारातले दर मात्र हंगामाच्या सुरुवातीपासून त्याच्या बरेच खाली राहिले. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली होती, केवळ त्या हंगामापुरती. राज्यात तेव्हा विधानसभेची निवडणूक होती. मतदानाला चारपाच दिवस उरले असताना आलेल्या या निर्णयाला बातम्यांत ‘ओलाव्यात सूट’ म्हटले गेले. तोवर गरजू शेतकऱ्यांचे बरेच सोयाबीन विकून झालेले होते.

कापसाचा हिशेब तुलनेने स्वच्छ

भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत कपातीचे कोष्टक जाहीर असते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, तो ८ टक्के ओलाव्यासाठी. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कमी. ९ टक्क्यांना ८,०२८ रुपये ९० पैसे, १० ला ७,९४७ रुपये ८० पैसे, १२ ला ७,७८५ रुपये ६० पैसे. १२ च्या वर कापूस घेतला जात नाही. कोरड्या मालाचा वर केला तसा हिशेब केला तर १२ टक्क्यांना ७,७५७ येतात. म्हणजे कोष्टकाची कपात पाण्याहून किंचित कमीच आहे. अडचण कोष्टकात नाही. पहिल्या वेचणीचा, परतीच्या पावसात भिजलेला कापूस १२ टक्क्यांच्या आत आणायचा कसा, यात आहे. तो नाकारला गेला की वरोरा, हिंगणघाट यांसारख्या बाजारांकडे निघालेल्या गाडीपुढे खासगी व्यापारी हाच पर्याय उरतो. परत नेण्याचे भाडे कोण भरणार?

कापसाच्या बाबतीत ‘सूट’ शब्दाने २०२५ मध्ये आणखी एक रूप दाखवले. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेल्या जबर शुल्काने अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला हा दिलासा होता. गिरण्यांना परदेशी कापूस स्वस्त झाला. सीसीआयने आपल्या साठ्यातील गाठींचे विक्रीदर उतरवले. नवा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांतच ही मुदत येत होती, त्यामुळे खासगी खरेदीचे दर हमीभावाच्या खाली राहण्यामागे हेही एक कारण धरले गेले. ‘आयातशुल्कात सूट’ ही बातमी ज्याने चिमूरमध्ये वाचली त्याला त्या सूटीचे पैसे कोणाच्या घरातून गेले हे शब्दावरून कळणे अशक्य होते. इंग्रजी मथळ्यातील ‘एक्झेम्प्शन’ही तितकेच मुके.

धानाचे पोते

धानाच्या सरकारी खरेदीत आदिवासी विकास महामंडळ आणि पणन महासंघ या दोन यंत्रणा आहेत. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये, ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. पोते ४० किलोचे. रिकाम्या तागाच्या पोत्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम धरले तर काट्यावर ४० किलो ६०० ग्रॅम दिसले पाहिजेत. पूर्व विदर्भात खरेदीच्या दिवसांत जी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते ती याहून जास्त भरून घेतल्याची. समजा काट्यावर ४२ किलो घेतले. पोत्यामागे १ किलो ४०० ग्रॅम, क्विंटलमागे साडेतीन किलो, म्हणजे सुमारे ८३ रुपये. कारण सांगितले जाते ते साठवणुकीतील तुटीचे. धान गोदामात किंवा उघड्यावर महिनोन् महिने पडून राहते, वाळते, उंदीर खातात आणि भरडाईला देताना वजन कमी भरते. ही तूट कोणावर टाकायची हा खरा प्रश्न आहे. उचल उशिरा होते हा दोष पिकवणाऱ्याचा नाही. तरी ती तूट होण्याआधीच त्याच्याकडून वसूल होत असेल, तर तिला तूट म्हणणेही बरोबर नाही. घडलेले नुकसान म्हणजे तूट, आगाऊ कापलेला असतो तो कडता.

भरडाईचेही प्रमाण ठरलेले आहे. एक क्विंटल धानामागे गिरणीने ६७ किलो तांदूळ द्यायचा. जुने, तुटके धान असेल तर तेवढा उतारा पडत नाही आणि मग गिरणीमालकही ‘सूट’ मागतात. एका शेतापासून रेशन दुकानापर्यंत जाताना या शब्दाचा मालक असा तीनदा बदलतो.

माफी आणि मुक्ती

शेतीकर्जाच्या संदर्भातही शब्द राजकीय आहेत. २०१७ च्या योजनेचे नाव ‘शेतकरी सन्मान’, २०१९ च्या योजनेचे ‘कर्जमुक्ती’. लोक दोन्हींना कर्जमाफीच म्हणाले. माफी गुन्ह्याची असते, आम्ही गुन्हा केला नाही, असे शेतकरी चळवळीतून वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याचा परिणाम योजनांच्या नावांवर झाला, बोलण्यावर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात झालेल्या आंदोलनानंतर राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत या विषयावर निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. अशा निर्णयात ‘सूट’, ‘सवलत’, ‘माफी’ की ‘पुनर्गठन’ यांपैकी कोणता शब्द येतो, हे पाहावे लागते. पुनर्गठनात कर्ज कमी होत नाही, फक्त हप्ते लांबतात. व्याजाची सवलत मिळाली तर मुद्दल तसेच राहते. माफीत मुद्दलही जाते.

नियमित फेडणाऱ्याला मिळते ती व्याजसवलत यापेक्षा वेगळी. ७ टक्क्यांचे पीककर्ज वेळेत फेडल्यास केंद्राकडून ३ टक्के परत मिळतात आणि ४ टक्केच पडतात. राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेमुळे ३ लाखांपर्यंत ते शून्यावर येते. पण मुदतीचा दिवस चुकला की ती मिळत नाही, म्हणून ती नावाने सवलत असली तरी वागणुकीने रोख सूट आहे.

पट्टीवर काय पाहावे?

बाजार समितीत माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर एकूण वजन, बारदान्याचे वजन, निव्वळ वजन, भाव आणि खर्चाच्या बाबी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. काट्यावर दिसलेले वजन आणि पट्टीवरचे निव्वळ वजन यांतला फरक बारदान्याच्या वजनाएवढाच असला पाहिजे. जास्त असेल तर तिथे कडता धरला गेला आहे, त्याला नाव काहीही दिलेले असो. ओलावा मोजला असेल तर यंत्रावरचा आकडा पट्टीवर लिहून मागता येतो. तो असला तर शंभरातून तो वजा करून ८८ ने भागण्याचा वर दिलेला हिशेब घरी बसून पडताळता येतो. तक्रार असेल तर ती बाजार समितीच्या सचिवांकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे करायची. दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो तो पट्टीचाच. खेडा खरेदीत कोऱ्या कागदावर दोन आकडे लिहून दिलेले असतात, त्यांवर व्यापाऱ्याची सहीही नसते.